गाव सुटणाऱ्या वयातली प्रेमकादंबरी

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या पट्ट्यातल्या मुलामुलींच्या आयुष्यात सतराव्या-अठराव्या वर्षी दोन गोष्टी बरोबरच येतात. कुणीतरी मनापासून आवडू लागतं आणि घरात ‘बारावीनंतर कुठे पाठवायचं’ याची बोलणी सुरू होतात. पुणे, बेंगळुरू, गोवा, दुबई, जर्मनी अशी नावं जेवताना निघतात. जिच्याशी बोलायला आत्ता कुठे धीर झाला, ती वर्षभरात दुसऱ्या देशात असेल हे त्याच वेळी कळतं. तरुण वाचकांसाठी स्थलांतराला हात घालणारी प्रेमकादंबरी लिहायची असेल, तर विषय शोधत लांब जायला नको.

या भागाला अशा लेखनाची परंपराही आहे. बेळगावात जन्मलेल्या प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांतून लंपन उभा केला. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहायला आलेला हा मुलगा आणि त्याची मैत्रीण सुमी मराठी वाचकांच्या घरातलीच झाली. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी इथल्या कष्टकऱ्यांचं जग कथा-कादंबऱ्यांत आणलं. तिकडे मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ने आणीबाणीच्या काळातलं शाळकरी प्रेम त्याच वयाच्या नजरेतून सांगितलं. लंपनचं वय जिथे संपतं, तिथून पुढचा मुलगा आणि पुढची मुलगी आता लिहायला हवी. अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. स्थलांतराच्या प्रेमकथेत अडथळा म्हणून रागीट बाप किंवा गावगुंड आणू नका. दाखला, परीक्षा, व्हिसा आणि त्यांच्या तारखा यांनाच अडथळा होऊ द्या. सीमाभागातल्या लेखकाला हे इतरांपेक्षा चांगलं जमेल, कारण नकाशावरची एक रेघ घरात किती आतपर्यंत शिरते हे इथल्या माणसांनी १ नोव्हेंबर १९५६ पासून पाहिलं आहे. त्या दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका मात्र मागे राहिला. माणसं जागची हलली नाहीत, पण कचेरीची भाषा बदलली, अर्ज बदलले, नोकरीचे नियम बदलले. पासपोर्ट हातात येण्याच्या कितीतरी आधी इथल्या मुलाला कागदाची ताकद माहीत असते. तुमच्या कादंबरीचं बळ इथून येईल.

आधी वय आणि वर्ग पक्के करा

नायक-नायिका सोळा ते एकोणीस वर्षांची ठेवा आणि कादंबरी सुरू होते त्या दिवशी ती कुठल्या इयत्तेत, कुठल्या बोर्डात आहेत ते लिहून ठेवा. सीमाभागात हा तपशील कथानक घडवतो. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात येतं आणि देवचंद कॉलेज तिथे आहे. एकाच गल्लीतली एक मुलगी अर्जुननगरला जाऊन महाराष्ट्र बोर्डाची बारावी करते, तिची मैत्रीण निपाणीतच कर्नाटकातली बारावी, म्हणजे पीयूसी करते. दोघी संध्याकाळी एकाच ओट्यावर बसतात, पण त्यांची पुस्तकं वेगळी, परीक्षांच्या तारखा वेगळ्या आणि पुढच्या प्रवेशाच्या रांगाही वेगळ्या असतात.

कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सर्वसाधारणपणे राज्यात सात वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला लागतो, पण वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी तिथे वेगळी तरतूद आहे. जत, अक्कलकोटकडच्या कन्नड भाषक मुलांसाठी कर्नाटकानेही अशीच सोय ठेवली आहे. म्हणजे दहावीनंतर मैत्रिणीबरोबर किंवा आवडत्या मुलाबरोबर एका वर्गात बसता यावं म्हणून भाबडेपणाने निवडलेलं कॉलेज दोन वर्षांनी एखादं दार बंद करू शकतं. तरुण वाचकाला हा पेच लगेच कळतो, कारण त्याने तो स्वतः किंवा भावंडांच्या बाबतीत अनुभवलेला असतो. मात्र नियम बदलत राहतात. कादंबरी ज्या वर्षात घडते, त्या वर्षाची प्रवेशपुस्तिका मिळवून वाचा.

कोण कुठे जातंय, ते एकच ठरवा

‘परदेश’ असा मोघम शब्द कादंबरीला पुरत नाही. प्रत्येक देशाचं दार निराळं असतं आणि त्या दारापाशी प्रेमाची निराळीच परीक्षा होते.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे बारावीनंतर परिचारिकेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण मानधनासह घेता येतं, पण त्याआधी जर्मन भाषेत बी-१ किंवा बी-२ पातळी गाठावी लागते. निपाणीच्या मुलीला त्यासाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाकडे जायचं की बेंगळुरूच्या, हा प्रश्न पडेल. दोन्ही शहरं तिच्या गावावरून जाणाऱ्या त्याच हायवेवर आहेत. या प्रेमकथेत वर्षभर शब्द पाठ होत असतात आणि प्रत्येक पातळी पार झाली की मुलगी मुलापासून एक पायरी लांब जाते. तिचं यश हेच दोघांचं दुःख असतं. याहून चांगला ताण लेखकाला कुठे मिळणार?

आखाताचं दार दहावीच्या प्रमाणपत्रापाशी आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सर्वसाधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा येतो आणि आखातासह अठरा देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. नववीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला मुलगा आणि पीयूसीत शिकणारी मुलगी यांच्यातलं अंतर या एका शेऱ्यातून दाखवता येईल.

अमेरिकेची गोष्ट उलट दिशेने सांगता येते. आईवडील एच-१बी व्हिसावर असतात तेव्हा मुलं एच-४ वर असतात आणि एकविसाव्या वर्षी तो आधार संपतो. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा जात नाहीत, म्हणून भारतीयांची रांग फार मोठी आहे. तिथे वाढलेला मुलगा सुट्टीत टिळकवाडीतल्या आजीकडे येतो. त्याला आपण कुठले हे सांगता येत नाही आणि इथल्या मुलीला ते विचारल्याशिवाय राहवत नाही. दोघांच्या घरांवर कागदाची सावली आहे, हे त्यांना हळूहळू कळू द्या.

गोव्याकडेही पाहा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ते घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. चोर्ला घाटापलीकडचा मुलगा बेळगावात शिकायला आहे आणि त्याच्या घरी हा निर्णय चालू आहे, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कादंबरी उभी राहील.

येणाऱ्यांनाही विसरू नका. दर हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या भागातल्या कारखान्यांकडे येतात. त्या तांड्यातल्या मुलीची शाळा सहा महिने सुटते. तिच्या डोळ्यांनी पाहिलं, तर निपाणी हाच परका मुलूख आहे.

यातलं एकच दार निवडा. सगळी एका कादंबरीत कोंबली तर माहितीपुस्तिका तयार होईल.

तारखांचा सांगाडा घाला

आता एक वर्षाचं कॅलेंडर भिंतीला लावा आणि त्यावर दोन रंगांनी खुणा करा. एका रंगात कागदाच्या तारखा येतील: परीक्षा, निकाल, पासपोर्टची पोलीस चौकशी, भाषेची चाचणी, व्हिसाची मुलाखत, विमान. दुसऱ्या रंगात मनाच्या तारखा येतील: पहिलं बोलणं, पहिलं भांडण, लपवलेली बातमी, कबुली. जिथे दोन रंग एका दिवसावर येतात, तिथे तुमची महत्त्वाची प्रकरणं आहेत. व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशीच भांडण होऊ द्या. निकालाच्या दिवशी मुलगी पास झाल्याचं सगळ्यांत आधी मुलाला सांगेल की घरी, हे ठरवा.

नमुन्यादाखल एक सांगाडा देतो. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी निपाणीची मुलगी जर्मनीला जाण्यासाठी भाषा शिकते आहे. बेळगावात वडगावच्या विणकर घरातला मुलगा आयटीआय करून उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागणार आहे. जूनमध्ये ओळख. गणपतीत मैत्री. तंबाखूच्या काढणीच्या दिवसांत, आई दमून घरी येते तेव्हा, मुलीचा निर्धार पक्का होतो. मार्चमध्ये चाचणी. पासपोर्टच्या वेळी जन्मदाखल्यावर बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आणि नव्या ओळखपत्रांवर १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं ‘बेळगावी’ निघतं, वडिलांच्या नावातही एक अक्षर कमी-जास्त असतं. दुरुस्तीला आठवडे जातात आणि तेवढेच आठवडे दोघांना जास्त मिळतात. दुरुस्ती लवकर व्हावी असं मुलाला वाटतं का? त्याला खरं उत्तर द्यायला लावा. प्रेमकथा अशा प्रश्नावरच खोल जाते.

सीमेला कथेत काम द्या

सीमाप्रश्नाची माहिती देण्याचा मोह होईल. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ चे हुतात्मे, हे सगळं लेखकाला ठाऊक हवं. पण पात्राच्या तोंडून त्याचं व्याख्यान नको. जे पात्राच्या अंगाला लागतं तेवढंच पानावर येऊ द्या.

अंगाला लागणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या स्त्रिया राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास करतात, पण अंतरराज्य गाडीला ती सवलत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षी मार्चपासून स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. निपाणीची मुलगी बेळगावला आधार कार्ड दाखवून जाते, कोल्हापूरला जाताना मात्र पैसे मोजते. महिन्याला तिच्या पर्समध्ये किती उरतात, यावर भेटी कुठल्या दिशेला होतील ते ठरतं. वाद पेटला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं. कोरोनाच्या काळात काही दिवस कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर अहवालाशिवाय पुढे सोडत नव्हते. ठरलेली भेट अशा दिवशी हुकली, तर त्या प्रकरणाला वेगळं भाष्य लागणार नाही.

१ नोव्हेंबरचा दिवसही असाच वापरा. त्या दिवशी बेळगावात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसं काळा दिन पाळतात. मुलगा एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला असेल, तर त्या दिवशी फोन कोण कुणाला करतं ते लिहा. घोषणा थोड्या असल्या तरी चालतील.

आजी-आजोबांची पिढीही कथेत हवी. निपाणीच्या आजीला १९८१ सालचं तंबाखूचं आंदोलन आठवत असेल. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हायवेवर बसले होते आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. नात ज्या रस्त्याने विमानतळाकडे निघाली आहे, तो हाच रस्ता. आजोबांना कन्नडमधला जमिनीचा उतारा वाचता येत नाही, शाळेत कन्नड शिकलेली नात तो वाचून दाखवते. ती निघून गेल्यावर उतारा कोण वाचणार, या विचारात मागे राहणाऱ्यांचं दुःख आपोआप येतं.

कुठलीही भाषा खलनायक नको

मराठी मुलगा आणि कन्नड मुलगी, किंवा उलट, अशी जोडी घेणार असाल तर दोन्ही घरांवर सारखी माया करा. सौंदत्तीची यल्लमा आणि पंढरीचा विठोबा दोन्ही भाषांच्या घरांत आहेत. १९७३ साली ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रे धारवाडच्या मराठी बोलणाऱ्या घरातले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला जाऊन राहिले आणि माळव्याची लोकगीतं त्यांच्या गाण्यात आली. ही नावं कादंबरीत आणायची गरज नाही. पण भाषा बदलून, गाव बदलूनही माणूस आपलं मोठेपण जपतो, ही खात्री लिहिणाऱ्याच्या मनात असली पाहिजे. एका भाषेचे लोक भले आणि दुसरीचे वाईट अशी विभागणी केलीत, तर ज्या अन्यायाची तक्रार करायची होती तोच तुमच्या हातून घडेल.

संवाद इथलेच हवेत

पु. ल. देशपांड्यांच्या ‘रावसाहेब’मुळे बेळगावी बोली महाराष्ट्रभर पोचली. त्यानंतर अनेकांनी ती फक्त हसवण्यासाठी वापरली. तुमची नायिका याच बोलीत रडणार आहे, रागावणार आहे, प्रेम सांगणार आहे. तेव्हा बोलीचा रंग थोडा आणि नेमका ठेवा. या भागात मुली स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं सहज म्हणतात. वाक्याच्या शेवटी ‘की’ येतो. निपाणीची ढब कोल्हापूरकडे झुकते, बेळगावची वेगळी पडते. दोन पात्रांच्या बोलण्यात हा फरक ऐकू आला पाहिजे.

कन्नड वाक्य देवनागरीत तसंच येऊ द्या आणि पुढच्या उत्तरातून अर्थ उलगडू द्या. मुलाची आई ‘ऊट आय्ता?’ म्हणते आणि मुलगी ‘झालं की मावशी’ म्हणते, एवढ्यात वाचकाला सगळं कळतं. पुण्याला गेल्यावर ही मुलगी हॉस्टेलमध्ये ‘मी आले’ म्हणायला शिकेल. घरी फोनवर मात्र तिच्या तोंडून ‘मी आलो’ येईल. मुलाच्या लक्षात हा बदल आला, तर दुरावा दाखवायला वेगळा प्रसंग लागणार नाही.

प्रेम लिहिताना

दोघांनाही स्वतःची इच्छा द्या. जाणारी मुलगी स्वप्नाळू आणि राहणारा मुलगा बिचारा, अशी वाटणी करू नका. राहण्यालाही कारण असतं: हातमाग, आजारी वडील, गावावरचा जीव, फौंड्रीतलं कसब. राहण्याचा निर्णय पराभव म्हणून लिहिलात तर इथे राहणाऱ्या हजारो वाचकांचा तुम्ही अपमान कराल.

अठराच्या आतली पात्रं असतील तर मर्यादा पाळा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध, संमती असली तरी, गुन्हा ठरतो. त्यापलीकडे लेखक म्हणूनही या वयाची जबाबदारी आपल्यावर आहे. बसमध्ये शेजारी मोकळी ठेवलेली जागा, डब्यातला कुंदा, एकमेकांच्या वहीतलं अक्षर, यांतून ओढ पुरेशी दिसते. होकार आणि नकार स्पष्ट शब्दांत असू द्या. मागे मागे फिरणं हे प्रेम नव्हे, हे मुलांनी तुमच्या पुस्तकातून शिकलं तर फार चांगलं होईल.

दूर गेल्यावरचं प्रेम लिहिताना घड्याळ वापरा. जर्मनी आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि अंतर साडेतीन तासांवर येतं. रात्रपाळी करणारी मुलगी आणि पहिल्या पाळीला निघालेला मुलगा यांना त्या एका तासात बोलायला वेळ मिळतो की होता तो जातो, ते मांडून पाहा.

शेवट खरा करा

लग्न लावून प्रश्न सोडवू नका. कायद्याने मुलाचं लग्नाचं वय एकवीस आहे, तुमचा नायक एकोणीस वर्षांचा आहे. जोडीदाराला बरोबर नेणंही सोपं राहिलेलं नाही. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्याची परवानगी बंद केली. पळून जाण्याचा मार्ग ‘सैराट’ने हैदराबादपर्यंत नेऊन त्याची किंमत दाखवून दिली आहे, तो पुन्हा गिरवायला नको.

प्रामाणिक शेवट तीन प्रकारचे होऊ शकतात. दोघं ठरावीक मुदतीपर्यंत वाट पाहायचं ठरवतात. दोघं एकमेकांना मोकळं करतात आणि त्या प्रेमाने आपण घडलो हे मान्य करतात. किंवा जाणारा परत येतो, पण स्वतःच्या कारणाने, समोरच्यावर उपकार म्हणून नव्हे. कुठलाही निवडा, फक्त शेवटचा निर्णय पात्रांनी घेतला पाहिजे. व्हिसा नाकारला म्हणून प्रेम जिंकलं किंवा मिळाला म्हणून हरलं, असं झालं तर कादंबरी कचेरीने लिहिली असं होईल.

लिहायला बसण्यापूर्वी

बेळगाव ते निपाणी हा साधारण पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता एकदा साध्या बसने करा. काकती, यमकनमर्डी, संकेश्वर, तवंदी घाट, कुठे काय दिसतं ते टिपून ठेवा. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात, १८४८ पासूनच्या त्या संस्थेत, तुमच्या कथेच्या वर्षातली वृत्तपत्रं चाळा. परदेशी गेलेल्यांशी, त्यांच्या आईवडिलांशी आणि मागे राहिलेल्या मित्रांशी बोला. त्यांची नावं, गल्ल्या, ओळख पटेल असे तपशील बदला. व्हिसाच्या नियमांसाठी एजंटच्या सांगण्यावर विसंबू नका, त्या त्या देशाचं अधिकृत पत्रक वाचा.

पहिला खर्डा झाला की तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना वाचायला द्या, मराठी माध्यमातल्या आणि कन्नड माध्यमातल्याही. ते जिथे थांबतील, तिथे तुम्ही समजावत बसला आहात असं समजा आणि तेवढा भाग काढून टाका.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या गावांनी आपल्या बळावर मराठी साहित्य संमेलनं चालवली आहेत. तिथे कविता आणि कथा वाचल्या जातात. पुढच्या संमेलनाला तुमच्या कादंबरीचं एक प्रकरण घेऊन जा. मांडवात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांची बॅग येत्या वर्षात भरली जाणार आहे. त्यांच्या हाती आपल्या भाषेतलं, आपल्या रस्त्यांवरचं एक पुस्तक असावं, यासाठी लिहा.